वुडी परफ्युम, लावणाऱ्याचा स्वभाव आणि कोल्हापूरची हवा

गंधकोश

राजारामपुरीत परफ्युमच्या दुकानात शिरलं की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "साहेब, तुमची पर्सनॅलिटी वुडी आहे, हेच घ्या." महाद्वार रोडला अत्तर बघायला गेलं तरी सूर तोच. वुडी म्हणजे लाकडाच्या वळणाचा वास, आणि तो लावणारा म्हणे भारदस्त, शब्दाला पक्का माणूस. फुलांचा वास हळव्याचा, लिंबू-संत्र्याचा चळवळ्याचा. हे इतकं रुजलंय की लोक आधी स्वतःला एका खणात बसवतात आणि मग बाटली उचलतात.

माझं म्हणणं असं की वुडी हा मुळात एक वास नाही. चार-पाच अगदी वेगळ्या स्वभावाचे वास एकाच पाटीखाली विकले जातात. आणि बाटलीवरून माणूस कळत नाही. तो कळतो किती लावलं, कुठं लावलं आणि कुठल्या वेळी लावलं यावरून.

चंदनापासून सुरुवात करू. तेल निघतं ते झाडाच्या गाभ्यातून आणि मुळांतून. वरच्या पांढऱ्या लाकडात जवळजवळ काही नसतं. चंदनाचा वास मुख्यतः दोन रेणूंचा. चांगल्या भारतीय चंदन तेलात आल्फा-सँटालॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटालॉल १६ ते २४ टक्के असावं असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्यातला दुधाळ, मऊ भाग मुख्यतः बीटाचा. हा वास लांब जात नाही, हातभर अंतरावर थांबतो. म्हणून चंदन लावलेला माणूस शांत वाटतो. तो खरंच शांत असेल असं नाही, पण त्याचा वास समोरच्याच्या अंगावर धावून येत नाही.

सिडर याच्या उलट. कोरडा, सरळ, ताज्या तासलेल्या पेन्सिलीचा. बाजारात 'व्हर्जिनिया सिडर' म्हणून जे येतं ते खरं तर जुनिपर कुळातलं झाड आहे, आणि पेन्सिली त्याच्याच लाकडाच्या करत. आपला हिमालयातला देवदार हा मात्र खरा सिडर. त्याचं तेल जास्त धुरकट आणि थोडं औषधी. नेटका, कामाशी काम ठेवणारा माणूस अशी छाप सिडर पाडतो. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर यासारखं दुसरं काही नाही.

वाळा आणि उदाबद्दल या चर्चेतल्या जाणकारांनी पुढं लिहावं. मी मुद्दाम जागा सोडतोय.

मुळं_आणि_माती

वाळ्याचं मी लिहिते. वाळा हे लाकूड नाही, गवताचं मूळ आहे, तरी परफ्युमच्या वर्गीकरणात तो वुडीतच बसतो. कारण त्याचे रेणू जड असतात, सावकाश उडतात आणि तळाला थांबतात. कन्नौजला तांब्याच्या देगेत मुळं पाण्याबरोबर उकळून जो रूह खस (वाळ्याचं तेल) काढतात त्याला हिरवट झाक येते, ती तांब्यामुळं. हैतीचा वाळा स्वच्छ, कोरडा, किंचित मोसंबीच्या सालीकडं झुकणारा. जावाचा धुरकट. एकाच नावाच्या दोन बाटल्या इतक्या वेगळ्या असू शकतात, तेव्हा 'मला वाळा आवडत नाही' असं म्हणण्याआधी कुठला ते बघा.

परदेशी परफ्युममध्ये वाळ्याची दोन टोकं बघायची असली तर लालीकचं 'आँक्र न्वार' आणि एर्मेसचं 'तेर द एर्मेस' शेजारी शेजारी हुंगा. दोन्ही २००६ सालची. पहिल्यात अंधारी, ओली मुळं. दुसऱ्यात संत्र्याची साल, दगडाची खरखर आणि खाली वाळा. दुसरं लावलेल्या माणसाशी लोक सहज बोलायला येतात. पहिलं लावलेल्याकडं बघतात, पण जवळ यायला वेळ घेतात. घटक तोच, मांडणी वेगळी. म्हणून 'वाळा लावणारा कसा असतो' या प्रश्नाला उत्तर नाही.

नागरमोथा कुणी विसरू नये. दिवाळीच्या उटण्यातला हाच मोथा परफ्युमवाल्यांकडं 'सिप्रिऑल' म्हणून जातो. मातकट, धुरकट, थोडा चामड्यासारखा. स्वस्तातला 'उद' बनवताना त्याचा पाया बरेचदा हाच असतो.

उदबत्ती_नको

उदाचं माझ्याकडं. अगरूच्या झाडाला जखम होऊन बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला गडद राळ तयार करतं. त्या राळेनं भरलेलं लाकूड म्हणजे उद. निरोगी झाडाच्या लाकडाला तो वास नसतो. आसामात होजाई भागात हा धंदा मोठा आहे. झाड दुर्मीळ झाल्यामुळं अगरूच्या, म्हणजे ॲक्विलारियाच्या, सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साईट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली येतो. तेव्हा पाचशे रुपयांच्या स्प्रेवर 'प्युअर उद' लिहिलेलं असेल तर आत प्रयोगशाळेतले रेणू आहेत एवढं धरून चाला. ते वाईट असतात असं नाही. फक्त लेबलावर जाऊ नका.

अस्सल उदाच्या तेलात सुरुवातीला गोठ्याचा, चामड्याचा, आंबूस असा जोरदार भाग येतो. पहिल्या दहा मिनिटांत पळून जाऊ नका. अर्ध्या तासानं मध, सुकं लाकूड, धूर असं उलगडत जातं. आपल्याकडं म्हणतात, रांगड्या माणसाला उद शोभतो. मला उलट वाटतं. ज्याचा आवाज आधीच मोठा आहे, त्यानं उद लावला की खोलीत दुसऱ्याला जागा उरत नाही. मोकळ्या, मोठ्यानं बोलणाऱ्या कोल्हापुरी माणसावर चंदन फार सुंदर बसतं. आणि कमी बोलणाऱ्यानं उदाचा एक थेंब लावला तर त्याचं असणं जाणवतं.

साखरगाठी

मुद्दा पटला, पण सगळे 'माणूस' म्हणताय आणि डोळ्यांसमोर पुरुषच दिसतोय. दुकानात बाईनं वुडी मागितलं की विक्रेता "मॅडम, ते जेन्ट्समध्ये आहे" म्हणत गुलाबी बाटली पुढं करतो. ही वाटणी बाजारानं केलेली. आपल्याकडं चंदन, वाळा, अष्टगंध कधी एकट्या पुरुषांचे नव्हते. सहाणेवर उगाळलेलं गंध घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला लागतं.

पाश्चात्त्य परफ्युममध्येही ही भिंत पडलेली आहे. १९९२ साली शिसेडोनं 'फेमिनिते द्यु ब्वा' आणलं. भरपूर ॲटलस सिडर, त्यावर आलुबुखार, दालचिनी, व्हायोलेट, आणि सगळं बायकांसाठी म्हणून. त्याआधी १९८९ मध्ये गेर्लँनं 'सामसारा' काढलं, त्यात चंदन आणि चमेली दोन्ही ठळक. म्हणून तायांनो, दुकानातली मांडणी बघू नका, कागदी पट्टीवर मारून हुंगा. फुलांबरोबर वुडी हवं असेल तर मोगऱ्यापेक्षा गुलाब किंवा आयरिस सोपा जातो. मोगरा-चमेलीत इंडोल नावाचा जड वासाचा रेणू असतो, जड लाकडाबरोबर तो वास उकाड्यात गुदमरल्यासारखं होतं.

पडताळा

स्वभाव आणि वास यावर झालेल्या प्रयोगांतले चार इथं मांडतो, कारण दुकानदार आणि राशिभविष्य दोघंही या विषयात मनाला येईल ते सांगतात.

२००१ साली मिलिन्स्की आणि वेडेकिंड यांनी दाखवलं की स्वतःसाठी कुठला सुगंध आवडतो याचा संबंध माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांशी लागतो. दुसऱ्यासाठी वास निवडताना तो संबंध जवळजवळ दिसत नाही. २०१२ मध्ये लेनोखोव्हा आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या अंगाच्या वासावर एकदा त्यांचं स्वतःचं आवडतं परफ्युम घातलं, एकदा संशोधकांनी दिलेलं. नुसती परफ्युम हुंगताना दोन्ही सारखीच बरी वाटली होती. अंगाच्या वासात मिसळल्यावर मात्र ज्याचं त्यानं निवडलेलं परफ्युम जास्त सुखद ठरलं. म्हणजे आपण नकळत आपल्या कातडीला जुळणारं उचलतो. 'मी गंभीर आहे म्हणून वुडी' यापेक्षा 'माझ्या अंगावर हे चांगलं बसतं म्हणून वुडी' हे सत्याच्या जास्त जवळ आहे.

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २००९, क्रेग रॉबर्ट्स आणि सहकारी. काही पुरुषांना सुगंध आणि जंतुनाशक असलेला डिओडरंट दिला, काहींना दोन्ही काढून टाकलेला. सुगंधवाल्यांचा आत्मविश्वास वाढला. मग त्यांचे आवाज बंद केलेले व्हिडिओ बायकांना दाखवले, ज्यांत वास पोचण्याचा प्रश्नच नव्हता, तरी सुगंधवाले जास्त आकर्षक ठरले. नुसत्या फोटोत फरक पडला नाही. वासानं बदल झाला तो लावणाऱ्याच्या हालचालीत आणि उभं राहण्यात.

चौथा सावध करणारा. १९८३ मध्ये रॉबर्ट बॅरननं नोकरीच्या मुलाखतीसारखी मांडणी केली. सुगंध लावलेल्या उमेदवारांना पुरुष मुलाखतकारांनी कमी गुण दिले, स्त्रियांनी जास्त. पलीकडं कोण बसणार हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळं मुलाखतीला हात आखडता ठेवलेला बरा.

यातून 'वुडी लावणारा अंतर्मुख असतो' असं काही सिद्ध होत नाही. वुडी आपल्याला सावरतं असं ज्याला वाटतं, त्याला ते सावरतं, आणि ते बाहेर दिसतं.

हायवे_टच

लई भारी माहिती. पण घ्यायला गेल्यावर बघायचं कसं ते सांगा की कुणीतरी. दुकानात दहा वास हुंगले की सगळं एकच वाटायला लागतंय. आणि माणसं तर विक्रेत्याचं ऐकून पाच मिनिटांत घ्यायल्यात.

गंधकोश

@हायवे_टच, भावा, हा क्रम धर.

जाताना अंगाला काही लावू नको. मिसळ खाऊन लगेच जाऊ नको, कांदा-लसणाचा वास बोटांवर आणि श्वासात राहतो. दुकानात आधी कागदी पट्टीवर मार, पट्टीवर नाव लिही, पंधरा सेकंद अल्कोहोल उडू दे, मग नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धर. चारपेक्षा जास्त पट्ट्या नको. मधे नाक ताजं करायला कॉफीच्या बिया देतात, पण प्रयोगात त्यांचा साध्या हवेपेक्षा जास्त फायदा दिसलेला नाही. दारात जाऊन बाहेरची हवा घे किंवा स्वतःच्या शर्टाची बाही हुंग, पुरतं.

मग चारपैकी दोनच कातडीवर. एक डाव्या कोपराच्या आत, एक उजव्या. मनगटं घासू नको. घासल्यानं रेणू 'मोडतात' हे खोटं, पण घर्षणाच्या उबेनं वरचा थर लवकर उडतो आणि दोन वास एकमेकांत जातात. आणि मग दुकानातून बाहेर पड. हे सगळ्यांत महत्त्वाचं. एसीत वास आवळलेला असतो, बाहेर पडलं की खरा चेहरा दिसतो. अर्ध्या तासानं, दोन तासांनी आणि पाच तासांनी हुंग. वुडी परफ्युमचा पहिला पाव तास बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), मिरी, वेलदोडा असल्या हलक्या घटकांचा असतो. लाकूड कळतं दोन तासांनंतर. पाच मिनिटांत विकत घेणारा माणूस बर्गमॉट विकत घेतो आणि महिनाभर वाळा लावतो.

आणखी एक, आपल्या नाकावर विसंबू नको. हातभर अंतरावरून घरातल्या कुणाला तरी विचार. पसंत पडलं तरी मोठी बाटली लगेच नको, पाच मिली डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढलेली छोटी कुपी, घे. एका दाबाला साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे पन्नासेक स्प्रे होतात. उन्हात, पावसात, ऑफिसात, सगळीकडं लावून बघायला तेवढे भरपूर झाले.

नाकपुडी

मधेच विचारतो. 'मॉलेक्यूल ०१' या परफ्युमबद्दल इतकं ऐकलंय, पण पट्टीवर वासच येत नाही. डुप्लिकेट असेल का?

पडताळा

असेलच असं नाही. त्या बाटलीत (२००६, गेझा शॉन यांची) आयसो ई सुपर हा एकच कृत्रिम सुगंधी घटक आहे. १९७० च्या दशकात आयएफएफ या सुगंध बनवणाऱ्या कंपनीनं बाजारात आणलेला, मखमली सिडरसारखा. त्याचा वास काही लोकांना जवळजवळ येतच नाही, काहींना येतो-जातो. जड रेणूंच्या बाबतीत असं होतं, पांढऱ्या कस्तुरीचं आणि काही कृत्रिम चंदनांचंही तसंच. शिवाय नाक सवयीनं बधिर होतं. वीस मिनिटांनी आपल्याला आपलाच वास येईनासा होतो, शेजारच्याला येत असतो. वुडी लावणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक इथंच होते. वास गेला असं समजून दुसऱ्यांदा चार स्प्रे मारतात आणि लिफ्टमधल्या लोकांचं डोकं चढतं. पुन्हा मारण्याआधी कुणाला तरी विचारा, किंवा बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं फिरून येऊन कॉलर हुंगा.

मुळं_आणि_माती

आता आपल्या हवेचं बघू, कारण युरोपातल्या ऑक्टोबरसाठी केलेला वास आपण कोल्हापूरच्या मे महिन्यात लावतो.

उन्हाळ्यात कातडी गरम, वरचे घटक झटकन उडतात, तळ एकदम फुलतो. उद, गोड अंबर, राळ असले वास दुपारी दोन वाजता लक्ष्मीपुरीच्या बाजारात असह्य होतात. तेव्हा वाळा किंवा मोसंबीवर्गीय वुडी. पण बर्गमॉट असलेलं तेल उघड्या मानेवर लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या बर्गाप्टेनमुळं कातडीवर काळे डाग पडू शकतात, महिनोन् महिने जात नाहीत.

पावसाळ्यात नेमका उलटा नियम. जून ते सप्टेंबर वाळा आणि नागरमोथा जपून. नीट न वाळलेल्या शर्टाला जो कोंदट वास येतो तो मातकटच असतो. वाळ्याचा मातकटपणा त्यात मिसळला की समोरच्याला बुरशीचा भास होतो, परफ्युम कितीही महाग असो. शर्ट इस्त्रीनं कोरडाठाक करा, मग सिडर किंवा चंदन लावा. इस्त्री आधी, सुगंध नंतर. सुगंध लावलेल्या कापडावर इस्त्री फिरवली तर डाग पक्का होतो. रेनकोटाच्या आत वास कोंडतो म्हणून नेहमीच्या निम्मं लावा.

हिवाळा चंदन-उदाचा. सकाळी कातडी कोरडी असते, वास धरत नाही. आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडी व्हॅसलीन, पाच मिनिटांनी परफ्युम.

दुचाकीवाल्यांसाठी खास. मानेवर आणि कानामागं मारून लगेच हेल्मेट घालू नका. अस्तराचा स्पंज तळाचे जड घटक शोषून घेतो आणि रोज नवा थर चढत जातो. पंधरवड्यानं हेल्मेट घातलं की डोकं धरतं, आणि दोष परफ्युमला जातो. छातीवर, शर्टाच्या आत मारा. अस्तर निघत असेल तर काढून धुवा.

साखरगाठी

यात लग्नसराईची भर घालते. आधी परफ्युम, दहा मिनिटं थांबा, मग साडी, शेवटी दागिने. रेशमावर थेट स्प्रे नको, अल्कोहोलनं रंग फुटतो आणि कडेला पाण्याच्या डागासारखी रेघ उमटते. अत्तराचा तेलकट डाग त्याहून वाईट. कोल्हापुरी साजाचे मणी लाखेवर केलेले असतील तर जास्त काळजी घ्या, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मोत्यांनाही अल्कोहोल चालत नाही. साडीला वास हवाच असेल तर कापसाच्या बोळ्याला लावून तो पातळ मलमलीत गुंडाळा आणि घडीत रात्रभर ठेवा.

नव्या कोल्हापुरी चपलेबद्दलही एक सांगायचंय. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या त्या चामड्याला स्वतःचा वास असतो, आणि वाळ्याशी त्याचं छान जुळतं. गोड व्हॅनिलावाल्या वुडीशी मात्र अजिबात नाही.

हायवे_टच

महाद्वार रोडला चंदन अत्तर सहा मिली दीडशेला मिळतंय. घ्यावं का?

उदबत्ती_नको

वास आवडला तर घे, चंदन म्हणून घेऊ नको. त्या भावात चंदन तेल बसत नाही. पूर्वी कन्नौजची अत्तरं चंदनाच्या तेलातच उतरवत, भाजलेल्या मातीचं मिट्टी अत्तरसुद्धा. चंदन महागल्यावर बेस म्हणून डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, जवळजवळ बिनवासाचा द्रव) किंवा लिक्विड पॅराफिन आलं. सँडलोर, जावानॉल यांसारखे कृत्रिम चंदन-रेणू घालून वास उभा करतात. जावानॉल इतका तीव्र आहे की अगदी थोडका पुरतो.

ओळखायचं कसं? कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघा असं सगळे सांगतात. हलक्या तेलांना ती चाचणी चालते, चंदनाला फसवी ठरते, कारण अस्सल चंदन तेलही फार सावकाश उडतं आणि डाग दिवसेंदिवस राहतो. त्यापेक्षा विरघळण्याची चाचणी बरी. शुद्ध चंदन तेल ७० टक्के अल्कोहोलच्या पाचपट मापात विरघळून स्वच्छ राहतं. पॅराफिन किंवा खाद्यतेल मिसळलेलं असेल तर पांढरट गढूळ होतं, थेंब वेगळे दिसतात. डीपीजी मात्र या चाचणीत सापडत नाही, तेही विरघळतं. म्हणजे गढूळ झालं तर भेसळ नक्की, स्वच्छ राहिलं तर शुद्ध असेलच असं नाही. पक्का निकाल जीसी-एमएस तपासणीतच, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर.

नाकानं एक अंदाज करता येतो. कृत्रिम चंदन पहिल्या मिनिटापासून चकचकीत, लांब पसरणारं आणि सहा तास तसंच. अस्सल चंदन सुरुवातीला अबोल असतं, अर्ध्या-पाऊण तासानं कातडीवर खुलतं.

नाकपुडी

घरी साधं वुडी अत्तर बनवता येईल का? इंटरनेटवर 'दहा थेंब हे, पाच थेंब ते' एवढंच मिळतं.

मुळं_आणि_माती

येईल, पण थेंब मोजू नका, वजन करा. वाळ्याचं तेल दाट, त्याचा थेंब मोठा पडतो. बर्गमॉटचा लहान. थेंबांनी केलेलं पुन्हा तसंच कधी होत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या.

दहा ग्रॅमसाठी: चंदन तेल ०.८ ग्रॅम, सिडर ०.५, वाळा ०.३, बर्गाप्टेन काढलेलं बर्गमॉट ०.३५, नागरमोथ्याचं दहा टक्के द्रावण ०.५, आणि उरलेलं ७.५५ ग्रॅम फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल (थंडीत न गोठणारं, बिनवासाचं केलेलं खोबरेल). नागरमोथ्याचं द्रावण म्हणजे एक भाग तेल, नऊ भाग तेच कोकोनट ऑइल. शुद्ध नागरमोथा ०.०५ ग्रॅम नेमका मोजणं घरच्या काट्याला जमत नाही, आणि जरा जास्त पडला की सगळं उटण्याच्या डब्यासारखं होतं, मग चंदन कितीही ओता, परत येत नाही.

क्रम असा: वाळ्याची बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा म्हणजे तो ओतता येईल. आधी वाळा, चंदन, सिडर एकत्र करा, नंतर नागरमोथा, शेवटी बर्गमॉट. हलवून एक दिवस तसंच ठेवा. मग तेल घाला. तपकिरी काचेची बाटली, काठोकाठ भरलेली, कपाटात तीन-चार आठवडे. पहिल्या आठवड्यात वास तुटक वाटतो, सिडर पुढं पळतं. तेव्हा घाबरून आणखी काही घालू नका.

साधं खोबरेल वापरू नका. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, डिसेंबरात आपल्याकडं रात्री पारा त्याच्या बराच खाली असतो, आणि खोबऱ्याचा वासही राहतो. स्प्रे करायचा म्हणून यात अल्कोहोल ओतू नका, पाणी असलेल्या अल्कोहोलमध्ये हे तेल नीट मिसळत नाही, थर वेगळे होतात. सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात ग्लिसरीन आणि बरेचदा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. शुद्ध इथाइल अल्कोहोलला उत्पादन शुल्क खात्याचे नियम लागतात, त्यामुळं घरी तेलातलं अत्तरच सोयीचं. पहिल्यांदा कोपराच्या आत एक ठिपका लावून २४ तास बघा. खाज किंवा लाली आली तर तेवढ्यावर थांबा. लहान मुलांना लावू नका.

हायवे_टच

आता शेवटचं. चार प्रसंग सांगतो, किती मारायचं ते सांगा. बँकेतली नोकरी, मुलाखत, संध्याकाळी रंकाळ्याला फिरणं, आणि मित्राचं लग्न.

गंधकोश

बँक: सिडर किंवा वाळा, दोन दाब, छातीवर शर्टाच्या आत, घरातून निघण्याआधी अर्धा तास. काउंटरपलीकडच्या माणसाला कळता कामा नये, शेजारच्या सहकाऱ्याला कळलं तर ठीक.

मुलाखत: पडताळांनी सांगितलेला बॅरनचा प्रयोग लक्षात ठेव. चंदनाचा एकच दाब, तोही तासभर आधी. नवीन परफ्युम त्या दिवशी पहिल्यांदा लावू नको, लक्ष त्याच्याकडं जाईल.

रंकाळा: मोकळी हवा, पाण्यावरचा वारा, इथं चार दाबसुद्धा चालतात. दोन अंगावर, दोन शर्टाच्या पाठीवर. वास मागून येणाऱ्याला मिळतो.

लग्न: हॉलमध्ये गर्दी, फुलं, जेवणाचा वास. हलकं काही टिकत नाही, म्हणून उद चालेल. स्प्रे असेल तर एक दाब छातीवर. तेल असेल तर कानामागं अर्धा थेंब, कपड्याला लागू न देता, गडद उदाचा डाग पांढऱ्या झब्ब्यावरून जात नाही. रांगेत जेवायला बसणार असशील तर हातांना काही लावू नको, पांढऱ्या रश्शाच्या वाटीत उद उतरतो.

साखरगाठी

आणि बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नकोस रे, उन्हात सगळ्यांत आधी बर्गमॉट आंबतं. बाथरूममध्येही नको. कपाटात, खोक्यासकट, उभी ठेव. निम्म्याच्या खाली आली की वर्ष-दीड वर्षात संपव, आतल्या हवेनं वरचे घटक खराब होतात. चंदन-वाळ्याचा तळ मात्र नंतरही चांगला राहतो, कधीकधी आधीपेक्षा गोलाई येते, तेव्हा वरचा वास आंबट वाटला तरी लगेच फेकू नकोस. पट्टीवर मारून तासाभरानं बघ.